तू मृदंग खाली ठेवलास त्याबद्दल

दादा,

तू गेल्यापासून एका माणसाचा भात शिजवायचा असतो, आणि तो मला अजून जमत नाही. एक तर उरतो, नाहीतर पातेल्याला लागतो. दवाखान्यात इतकी वर्षं औषधाचे थेंब मोजणारी बाई मी, पण तांदळाची मूठ चुकते. उरलेला भात सकाळी फोडणीला टाकते आणि खाते. तू असतास तर नाक मुरडलं असतंस. आता नाक मुरडायला कोणी नाही, म्हणून तो भात चांगला लागतो असं नाही.

लोक भेटायला येतात. ओटीवर बसतात, सुस्कारे टाकतात आणि तू किती शांत होतास ते मला सांगतात. मला! तू शांत नव्हतास. तू गप्प होतास, आणि गप्प बसणं ही तुझी भांडायची रीत होती, हे या गावात माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नाही. चर्चच्या पाळकांनी तुझ्यावर प्रवचन केलं. शाळा, मुलं, तुझं अक्षर, तुझा वक्तशीरपणा, सगळं आलं त्यात. मृदंगाविषयी एकच वाक्य बोलले: "पत्नीच्या वियोगानंतर मास्तरांनी त्या वाद्याला हात लावला नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पहिल्या रांगेत चटईवर बसले होते. मला उठून उभं राहून सांगावंसं वाटलं की हे तसं नाही. उठले नाही. गुडघा दुखत होता, आणि तू मला उठू दिलं नसतंस.

खरं काय ते आपल्या दोघांनाच ठाऊक होतं. आता एकीलाच आहे. ते असं एकटीनं सांभाळणं मला झेपत नाही, म्हणून लिहिते आहे. जिच्यामुळे हे सगळं झालं त्या भागीरथीला अक्षर येत नाही, आणि ज्यांना येतं त्यांच्या हाती हे ती हयात असेतो जाणार नाही. एवढी काळजी घेतली आहे. आता तरी भांडू दे.

मृदंग काही तुला कोणी आणून दिला नव्हता. बाबा गुरव होते, गावच्या देवळात पूजा करीत आणि आरतीला मृदंग वाजवीत. बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो त्यांनी देवळातच ठेवला, देवळाची वस्तू म्हणून. पण बोटांत होता तो काही त्यांना ठेवून येता आला नाही. पावसाळ्यात चुलीपुढे पाट उपडा घालून त्यांनी तो तुला शिकवला. मी भाकरी थापायची आणि तुम्ही दोघं पाट बडवायचे. मी म्हणायची, "पाट फुटला तर बसायचं कशावर?" बाबा म्हणायचे, "फुटू दे. बसायला जमीन आहे."

पुढे तू शाळेत मास्तर झालास, पगारातून मृदंग घेतलास आणि तो उपासनेत आणायचा म्हणून हट्ट धरलास. मिशनचे जुने साहेब कबूल होईनात. त्यांना त्यांच्या देशातल्या चाली हव्या होत्या, ज्या आपली माणसं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी गात. ते म्हणाले, "मास्तर, हे वाद्य मूर्तीपुढे वाजलेलं आहे." तू म्हणालास, "साहेब, मीसुद्धा मूर्तीपुढे वाढलेला आहे. मला आत घेतलंत ना?" मी खिडकीबाहेर उभी राहून ऐकत होते. इतका अभिमान मला तुझा त्याआधी कधी वाटला नव्हता. "चामडं आहे आणि लाकूड आहे," तू म्हणालास, "त्यात कोणी राहत नाही." वर्षानुवर्षं तू हे एकच वाक्य बोलत राहिलास आणि शेवटी साहेब थकले. मृदंग आत आला. पहिल्या रविवारी आपली माणसं जी गायली, तसं गाताना मी त्यांना पूर्वी ऐकलं नव्हतं. म्हाताऱ्या बायका डोलत होत्या. साहेबांचा बूटसुद्धा ठेका धरत होता. त्यांनी तो लगेच आवरला, पण मी पाहिलं.

दर रविवारी सकाळी मृदंगाच्या डाव्या तोंडाला लावायला तुला कणीक लागे. आपल्याकडे गहू म्हणजे पाहुण्यांचं धान्य. मी कुरकुरत भिजवून द्यायची. "देवाच्या घरी जाताना सुद्धा तुझा हा ढोलका जेवून जातो," असं म्हणायची. वहिनी पलीकडून हसायची. तिला तुझं वाजवणं फार आवडे. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

भागीरथी आली ती पाली गावाच्याही पलीकडून, पायी, भर उन्हात. दवाखान्याच्या पायरीवर बसली, आत यायला तयार नव्हती. मी विचारलं, "काय होतंय?"

"काय नाय होत. माजा घसा बगा."

"दुखतो का?"

"नाय दुखत. आत कोन बसलाय ता बगा."

मी जीभ दाबून उजेडात पाहिलं. घसा धुळीनं जरा लाल होता, एवढंच. तसं सांगितलं. तिनं तोंड मिटलं नाही. उघड्या तोंडानंच खूण केली, पुन्हा बघा. शेवटी म्हणाली, "नीट बगा नर्सबाय. आतना कोनतरी बोलता. मी नाय बोलत."

तिची हकीकत तुला मीच सांगितली होती, पण पुन्हा लिहिते, कारण सगळं तिथेच आहे. शिमग्यात पालखी दारात आली आणि ढोल लागले की तिच्या अंगात येई. लग्न होऊन त्या घरात आली तेव्हापासून. लोक प्रश्न विचारीत, तिच्या तोंडून उत्तरं येत, आणि भानावर आली की तिला काही आठवत नसे. त्या वर्षी तिच्या नातवाला ताप होता. मुलगा त्याला खांद्यावर घेऊन आपल्या दवाखान्यात आणायला निघालाच होता. कोणीतरी म्हणालं, आधी विचारू या. ढोल वाजवले. तिच्या तोंडून आलं की पोराला वेस ओलांडू देऊ नका. पोर गेलं. आपण काय बोललो ते तिला नंतर सुनेनं सांगितलं. सुनेनं दुसरं काही केलं नाही, फक्त सांगितलं.

मी नाना तऱ्हेची दुखणी पाहिली आहेत. आपल्याच तोंडाला घाबरणारी बाई दुसरी पाहिली नाही.

ती परत गेली नाही. पट्ट्या धुणं, पाणी उकळणं, अंगण झाडणं अशी कामं करत राहिली. पुढे तिनं आपण होऊन बाप्तिस्मा मागितला. त्या दिवशी पाळकांना तिनं एकच विचारलं, "आता ता नाय ना येयाचा?" पाळक म्हणाले, नाही. तिनं मला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं. पाळकांपेक्षा तिचा माझ्यावर जास्त विश्वास होता, कारण मी घसा पाहिलेला होता. मीही नाही म्हटलं.

आणि मग सुगीच्या आभाराची ती उपासना. माणसं दारापर्यंत बसली होती. तू रंगात होतास. शेवटचं भजन दुगणीत, दुप्पट लयीत, गेलं, टाळ तापले. भागीरथी माझ्या शेजारी होती. आधी तिच्या पायाची बोटं हलायला लागली, मग गुडघा. मी वळून पाहिलं तर तिचे डोळे कुठेच लागलेले नव्हते. तिनं पदराखालून माझं मनगट धरलं. नखं रुतली. दातांवर दात आवळून ती तोंड मिटून होती, जसं काही तोंडात विस्तव आहे आणि तो बाहेर पडता कामा नये. सवयीनं माझं बोट तिच्या नाडीवर गेलं. नाडी तुझ्या लयीवर धावत होती, दादा. अगदी तुझ्या बोटांबरोबर.

तेवढ्यात तुझा हात चुकला. समेवर यायचं सोडून तू भजन मधेच खाली ओढलंस, अगदी संथ केलंस. टाळवाले गोंधळून एकमेकांकडे बघायला लागले. लोकांना वाटलं, मास्तर दमले. माझं मनगट हळूहळू सुटलं.

बाहेर आल्यावर ती चाफ्याच्या झाडाला धरून उभी राहिली. म्हणाली, "कुनाला सांगू नुका. येशूच्या घरात पन ता येता म्हंजे मग मी कुठं जाव?" मी म्हटलं, नाही सांगत. मला वाटलं, हे पाहणारी मी एकटीच. संध्याकाळी तू आयोडीनची बाटली माझ्यापुढे ठेवलीस आणि म्हणालास, "मनगटाला लाव."

तू तिथल्या तिथे मृदंग सोडला नाहीस. सोडला असतास तर तिला कळलं असतं, आणि ती दुसऱ्या दिवशी बोचकं उचलून निघून गेली असती. तू पुढचे काही रविवार वाजवलंस, पण संथ, अंगाई वाजवावी तसं. मग दोन भजनांना वाजवायचं आणि दोन नुसत्या टाळांवर. पुढच्या पावसाळ्यात वहिनी तापानं गेली आणि त्यानंतर तू मृदंग खोळीत घालून माळ्यावर ठेवलास. गावानं आपलं कारण आपणच शोधलं: मास्तरांनी बायकोच्या दुःखात वाद्य सोडलं. तू हो म्हणाला नाहीस, नाही म्हणाला नाहीस.

पहिल्या रविवारी मी सवयीनं कणीक भिजवली. मग तिची पोळी केली आणि आपण दोघांनी अर्धी-अर्धी खाल्ली. तेव्हा मी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"वहिनीला मृदंग आवडायचा. तिच्या नावावर हे खपवतोस?"

"मी काही बोललो नाही. लोक बोलतात."

"गप्प बसूनसुद्धा खोटं बोलता येतं."

"येतं," तू म्हणालास आणि पोळीचा तुकडा मोडलास. "तुझ्याकडे दुसरं काही कारण आहे का, जे तिला लागणार नाही?"

नव्हतं. अजून नाही. पण वहिनीचं नाव घेतलेलं मला तेव्हा रुचलं नाही आणि आजही रुचत नाही. तिकडे ती भेटली असेल तर तिची क्षमा माग. ती हसेल, मला माहीत आहे, पण तू माग.

नंतर नवे पाळक आले आणि त्यांनी बाजाची पेटी आणली. ती पेटी दम्याच्या रोग्यासारखी वाजते हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलं. तू मुकाट्यानं तिच्याबरोबर गायलास. मग चर्चच्या मंडळीत दुसरी बातमी उठली की मास्तर पेटीवर रुसले आहेत. बायका मला विहिरीवर विचारायच्या, "काय गो, मास्तरांचा रुसवा गेला काय?" मी घरी येऊन तुला सांगायची. तू म्हणायचास, "रुसलेला बरा. रडवा म्हणून तरी सुटलो."

त्या सगळ्या वर्षांत मी तुझ्याशी जी भांडणं केली ती मला आता एकटीला दोन्ही बाजूंनी भांडावी लागतात. तुझी बाजू मला नीट मांडता येत नाही. येत असती तर तेव्हाच पटली असती.

मी म्हणायची, तू हे आमच्या सगळ्यांसाठी जिंकलंस आणि एकीसाठी सोडून दिलंस. हा न्याय कुठला? तू म्हणायचास, "माझं होतं म्हणून तर सोडता आलं. साहेबांनी बंदी घातली होती तेव्हा काय सोडणार होतो?" मी म्हणायची, दुबळ्या माणसाला असं कापसात गुंडाळून ठेवलं तर ते सबळ कधी होणार? मोडलेला हात झोळीतच ठेवला तर आखडतो. तिला रोज थोडं थोडं ऐकव, मी शेजारी बसते, नाडी धरते. तू म्हणायचास, "आणि तिच्या तोंडून काही निघालं तर?"

"निघालं तर निघालं! तो वाताचा प्रकार आहे. देवी नाही नि कोणी नाही."

"हे तुला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे. तिला ठाऊक नाही. तिच्या नातवाच्या वेळी जे आलं तेच आलं असं तिला वाटेल. मग ती कुठे जाईल?"

"घाई कर असं कुठे म्हणते मी? पण कधीतरी—"

"घाई कोणाला आहे?"

"मला आहे!"

"मग सुमे, तू माझ्यासाठी थांब."

मी भांडी आपटली. तेवढंच हाती होतं.

एकदा मात्र मला वाटलं होतं, मी तुला पकडला. मी नर्सिंग शिकायला निघाले तेव्हा मंडळीतली माणसंसुद्धा बोलली होती. बिनलग्नाची मुलगी, परक्या पुरुषांच्या अंगाला हात लावणार, असं आणि तसं. तू मला बंदरावर पोचवलंस, माझी ट्रंक खांद्यावर घेऊन. पडावात चढवताना म्हणालास, "तुझी तुला लाज वाटली तर परत ये. लोकांची वाटली तर येऊ नकोस." त्या वाक्यावर मी सगळं आयुष्य काढलं, दादा. त्याबद्दल तुझे आभार मी कधी मानले नाहीत; आपल्याकडे भावाचे आभार मानायची पद्धत नाही. तर मी म्हटलं, "तेव्हा म्हणालास लोकांची पर्वा करू नको, आणि आता एका बाईच्या पायाची बोटं हलली तर मृदंग माळ्यावर?"

तू चष्मा पुसलास. मग म्हणालास, "तुझ्यावर लोक रागावले होते. रागावलेल्या माणसासाठी मी काही सोडणार नाही. भागीरथी रागावलेली नाही. ती घाबरलेली आहे."

मी विचारलं, निदान तिला एकदा विचारलंस का? भीती गेली असेल तर? विचार ना! तू म्हणालास, "विचारलं तर ती 'वाजवा' म्हणेल. आणि मग आयुष्यभर दात आवळून बसेल." इथेच आपलं भांडण थांबायचं, दर वेळी. मी म्हणायची विचार, तू म्हणायचास नको. ते तसंच राहिलं आहे.

तुला त्याचं काही वाटत नव्हतं असं समजणारी मी नव्हे. ताटावर तुझी बोटं चालत, मी म्हणायची, "ताट घासलेलं आहे," आणि तू हात मांडीवर घ्यायचास. एकदा मी मांडवीच्या किनाऱ्यावर मासळी घ्यायला गेले तर तू वाळूत दिसलास. एक होडी उपडी घातलेली होती आणि तू तिच्या बुडावर वाजवत होतास, दोन्ही हातांनी, डोळे मिटून. जाळं विणत बसलेला एकजण ओरडला, "ओ मास्तर, फुटंल हो होडी! भरून द्याल काय?" बाकीचे हसले. तूही हसलास आणि उठून वाळू झटकलीस. मी दिसल्यावर म्हणालास, "लाकूड चांगलं आहे." मी म्हटलं, "बांगडे घेतलेत." आपण घरी आलो. मला तुझा राग आला होता, आणि तिचाही. इतका, की त्या दिवशी दवाखान्यात मी तिला नीट धुतलेल्या पट्ट्या पुन्हा धुवायला लावल्या.

आणि तरीही दर शिमग्याला पालखी आपल्या रस्त्यानं यायची वेळ झाली की मीच तिला दवाखान्याच्या मागच्या खोलीत न्यायची, दारं-खिडक्या लावून घ्यायची, कानात कापसाचे बोळे घालायची. ती भिंतीकडे तोंड करून बसे आणि ओठ हातानं दाबून धरी. ढोल लांब गेले की मी तिच्या खांद्यावर थाप मारायची. म्हणजे विचारायची गरज काय होती, असं तू म्हणशील. मला दिसत होतं. पण डोळ्यांना दिसलं म्हणून माझा वाद संपतो असं कधी झालं आहे का?

आता तुझ्या मातीच्या दिवसाचं सांगते, कारण ते तुला ठाऊक नाही. तुझ्या जागी शाळेत आलेले नवे मास्तर, घाटावरचे, ओटीवर आले. ते बरं वाजवतात, मी ऐकलं आहे. म्हणाले, "बाई, मास्तरांना त्यांच्या मृदंगावर निरोप देऊ. मंडळीची इच्छा आहे." घर भरलेलं होतं. सगळे माझ्याकडे बघत होते. भागीरथी मागच्या दारी चुलीवर सगळ्यांसाठी चहाचं आधण ठेवत होती. मी म्हटलं, "नको." ते म्हणाले, "पण का?" मी म्हटलं, "मृदंग माझ्या घरात आहे आणि मी नको म्हणते." मागून कोणीतरी म्हणालं, "भावाच्या मातीलासुद्धा हिचा हेका." ऐकू येईल इतक्या मोठ्यानं म्हणालं. तुला बाजाच्या पेटीच्या सुरांवरच पोचवलं. त्या पेटीचा एक सूर खाली जाऊन अडकला आणि कबरीपर्यंत तसाच ओरडत राहिला. माफ कर.

नवे मास्तर चांगले आहेत. ते परवा पुन्हा आले. म्हणाले, वाद्य पडून राहिलं की मरतं, मला द्या, नाताळपर्यंत बसवतो, मंडळी गायला लागेल. तू असतास तर त्यांना मृदंग दिला असतास का, असं मी रात्रभर स्वतःला विचारलं नाही. मला झोप लागली. पण सकाळी काही ठरलेलं नव्हतं हे खरं.

दवाखान्यात गेले तर भागीरथी चुलीशी होती. पट्ट्या टाकायचं पातेलं ठेवलं होतं. माझ्याकडे न बघता म्हणाली, "नवे मास्तर मिरदुंग मागतात ना?"

"तुला कोणी सांगितलं?"

"विहिरीवर. द्या की त्यांस्नी."

मी पट्ट्या कापायला कात्री घेतली. ती म्हणाली, "आमच्या मास्तरांसाठी मी रोज मागना मागितला. देवा, त्यांचा दुःख हलका कर, त्यांचा हात पुन्ना वाजू दे. वैनीबाय गेल्या तवापासना. नाय ऐकलान देवानं. आता ह्ये नवे तरी वाजवतील."

दादा, ती इतकी वर्षं तुझ्यासाठी प्रार्थना करत होती. तुझा मृदंग तुला परत मिळावा म्हणून. मी हातातली कात्री खाली ठेवली. तुझ्याशी घातलेले सगळे वाद मला आठवले, आणि जे तू मला कधी करू दिलं नाहीस ते मी केलं. मी तिला विचारलं.

"तुला अजून भीती वाटते का?"

तिनं लगेच उत्तर दिलं. "वाटता की."

"मग?"

"मग काय? मी नाय जायाची आत. मी हितंच बसंन पानी उकळीत. मागच्या खोलीत. कापूस घालंन." मग माझ्याकडे वळून, जरा चिडूनच म्हणाली, "एकीच्या भ्यापायी सगळ्यांनी मुका रव्हायचा काय, नर्सबाय?"

हे माझं वाक्य होतं. शब्द तिचे, पण वाक्य माझं. तुझ्यापुढे मी ते किती वेळा आपटलं असेल. तिच्या तोंडून ते ऐकताना मला ती मागची खोली दिसत होती: बंद दारं, भिंतीकडे तोंड, आणि पलीकडे आपण सगळे गातो आहोत.

मी म्हटलं, "हो."

मला तुझं म्हणणं पटलं म्हणून मी हो म्हटलं असं समजू नकोस. पटलेलं नाही. बरोबर काय ते मला अजून ठाऊक नाही. पण ती तिकडे बसलेली असताना मला इकडे बसवलं नसतं, एवढंच.

तिनं पदरानं हात पुसले. अगदी हळू विचारलं, "मास्तरांनी पन...?"

"पाणी उकळलं बघ," मी म्हटलं.

ती उठली, पातेलं उतरवलं, पट्ट्या काठीनं वर-खाली करत राहिली. पाठमोरी होती. दुपारी नव्या मास्तरांना मी नाही म्हणून कळवलं. आता माझाही रुसवा विहिरीवर निघेल. तुझा निघायचा तेव्हा तो घरी आणून सांगायला तू होतास. माझा मी कोणाला सांगू?

संध्याकाळी भागीरथी नेहमीपेक्षा उशिरा गेली. जाताना दारात थांबली, काही बोलेलसं वाटलं, आणि मग नेहमीसारखं "येताव, नर्सबाय" म्हणून गेली. तिला कळलं की नाही, मला माहीत नाही. मी तिला विचारणार नाही.